न चालायचा बूट

टाचदुखीसाठी रात्री पायात अडकवायचा नाइट स्प्लिंट दुपारच्या उजेडात फार केविलवाणा दिसतो. पलंगाखालून अर्धा बाहेर आलेला, पट्टे लोंबताहेत, वेल्क्रोच्या दातांत चादरीचे धागे आणि कुणाचे तरी दोन केस. आकार बुटाचा, पण चालायला बंदी. नवे बूट घालूनच झोपायचा हट्ट लहानपणी बहुतेकांनी केलेला असतो आणि बहुतेकांचा तो मोडून काढलेला असतो. पळणाऱ्यांचा तेवढा पुढे कधीतरी पुरवला जातो, एका पायापुरता.

खोड झोपेची आहे. झोपेत पाऊल खाली लवंडतं, पोटरी सैलावून आखूड होते आणि टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला तळव्यातला जाड पट्टा, म्हणजे प्लांटर फॅसिआ, रात्रभर तसाच आखडून पडतो. सकाळी उतरल्या उतरल्या त्याच्यावर अख्खं वजन येतं नि टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. पहिली दहा पावलं भिंत धरून. थोडं चालणं झालं की तोच माणूस ‘आता बरंय की’ म्हणत नाड्या बांधायला बसतो, हे वेगळं. स्प्लिंटचं काम एवढंच, की घोटा 90 अंशांच्या आसपास धरून ठेवायचा.

धरून ठेवायचा. ओढायचा नाही. पळणाऱ्यांचं घोडं नेमकं इथे अडतं. दर आठवड्याला थोडं वाढवायची सवय अंगात मुरलेली. पट्टा दिसला की हात आपोआप आणखी बोटभर ओढतो. मग मध्यरात्री बोटांना मुंग्या, अंगठा बधिर, आणि हा पाय आपलाच का, अशी शंका. पहिल्या रात्री 90 अंश गाठायचे नसतातच. दोन-तीन दिवस संध्याकाळी बसल्या बसल्या अर्धा तास, मग झोपताना तास-दोन तास, खुपला की काढून बाजूला. पूर्ण रात्र आठ-दहा दिवसांनी जमली तरी बक्कळ. आणि मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदनाच कमी झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे पायात अडकवूच नये; काचलेलं त्यांना कळणार कसं?

पट्ट्यांनाही क्रम असतो. टाच आधी मागे टेकेपर्यंत बसवायची, मग घोट्यासमोरचा पट्टा, मग पोटरीवरचा. पाऊल वर खेचणारे बाजूचे दोन पट्टे सगळ्यात शेवटी, दोन्ही सारखे. ते आधी ओढले की टाच अलगद वर सरकते. बाहेरून कोन झकास दिसतो, पण तो प्लास्टिकचा, पाऊल आत आपलं निवांत लवंडलेलंच. प्रत्येक पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. आत पातळ, लांब मोजा. त्याची शिवण करंगळीवर येऊ द्यायची नाही. धुताना वेल्क्रो मिटून धुवायचं, नाहीतर ते अस्तरालाच खातं.

मागून आधार देणारा बुटासारखा प्रकार भक्कम, पण उकडतो आणि फरशीवर घसरतो, त्यामुळे रात्री उठायचं तर काढूनच. पुढून, नडगीवर बसणारा हलका. तळवा मोकळा राहतो, फक्त टाच निसटायला बघते. बोटांना दोरीने वर टांगणारा मोजा सगळ्यात सुटसुटीत, आणि सगळा भार बिचाऱ्या बोटांवर.

कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपणाऱ्यांना स्प्लिंट लवकर मानवतो, कारण पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्याही वरून निघतो. गुडघा वाकला की तो ढिला पडतो. म्हणजे ताणही कमीच मिळतो, पण झोप तरी मिळते. पालथं झोपणाऱ्यांचे मात्र हाल. त्यांनी पावलं गादीच्या कडेबाहेर सोडावीत, दुसरा उपाय नाही.

अकिलीसचं, म्हणजे पोटरी टाचेला जोडणाऱ्या जाड शिरेचं (कंडरेचं), गणित निराळं. शीर जिथे टाचेला चिकटते तिथेच दुखत असेल, तर पाऊल जास्त वर उचलल्याने ती हाडावर दाबली जाते. तिथे 90 च्या पुढे जायचंच नाही. दुखणं त्याच्या वर, शिरेच्या मधल्या भागात असेल, तर खरी मदार व्यायामावर. 1998 मध्ये स्वीडनचे डॉक्टर आल्फ्रेडसन यांनी मांडलेला तो प्रसिद्ध कार्यक्रम: पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली सोडायची, दिवसाला 180 वेळा, 12 आठवडे. त्याला रात्रीच्या स्प्लिंटची जोड देऊन पाहिली, तर वेगळा फायदा दिसला नाही. तरी लोक घालतात. पहिलं पाऊल थोडं कमी बोचलं तरी त्यांना पुरतं.

सगळं जमलं तरी वेल्क्रोचा तो खर्रकन आवाज राहतोच. शेजारी झोपलेल्याला त्याची सवय होत नाही. त्यातही नवल असं, की काही सकाळी स्प्लिंट पलंगाच्या पायथ्याशी सापडतो, पट्टे नीट परत चिकटवलेले. कधी काढला, कुणी काढला, काही आठवत नाही. पायाला विचारावं, तर तो पुन्हा लवंडलेला.