विश्वामित्रीच्या काठावर टीपी स्कीम करताना: माझा अनुभव

वडोदऱ्यात नदीकाठच्या जमिनीवर टीपी स्कीम करायची म्हणजे कायद्याचं आणि पाण्याचं अशी दोन कामं एकाच वेळी चालवावी लागतात. (टीपी स्कीम म्हणजे नगररचना योजना: मालकांच्या जमिनी एकत्र घ्यायच्या, रस्ते आणि सोयींचा वाटा काढायचा आणि उरलेली जमीन नव्याने आखून त्यांनाच परत द्यायची. आधीची जमीन तो मूळ प्लॉट, परत मिळते तो फायनल प्लॉट.) नगररचनाकार म्हणून मी या कामातून ज्या क्रमाने गेले तो क्रम, त्यातली आकडेमोड आणि काय चुकतं, ते इथे लिहिते आहे. टीपी स्कीमचं मूळ महाराष्ट्रात काय आणि इथे काय, १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातच आहे. गुजरातेत आज चालतो तो १९७६ चा नगररचना आणि शहरी विकास कायदा. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून सगळे आकडे ४० हेक्टरच्या एका पट्ट्यावर बसवले आहेत: विश्वामित्रीला लागून ९०० मीटर काठ आणि मधून वाहणारी एक कांस. (कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीत नेणारा ओढा. भुखी कांस वडोदरेकरांना सांगायला नको.)

सगळ्यात आधी लेव्हल. सात-बारा आणि टिप्पणांवरून (जुन्या मोजणीच्या नोंदींवरून) बेस नकाशा तयार होतो, पण त्यावर उंची नसते. म्हणून अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा काढायच्या आणि दर ५० मीटरला नदीचा आडवा छेद मोजायचा, तोही दोन्ही काठांसकट. अहमदाबादेत साबरमतीचं पात्र सगळीकडे २६३ मीटर करून रिव्हरफ्रंट उभा राहिला. तो साचा इथे चालत नाही. विश्वामित्री अरुंद, खोल, वळणावळणाची आहे आणि तिला जागोजागी कोतरं (पाण्याने कापलेल्या घळी) येऊन मिळतात. ही कोतरं नकाशावर पडीक जमीन म्हणून दिसतात आणि पुरात सर्वांत आधी तीच भरतात. काठाने जमीन खाल्लेलीही असते: सात-बारावर क्षेत्र पूर्ण, प्रत्यक्षात त्यातला तुकडा पात्रात. हा फरक मोजणीतच कागदावर आणला नाही, तर पुढे मूळ प्लॉटचं क्षेत्र ठरवताना तो वाद वर्षानुवर्षं चालतो.

पुराची रेषा भिंतींवरून घ्यावी लागते. २०१९ च्या आणि ऑगस्ट २०२४ च्या पुराच्या खुणा कंपाउंडच्या भिंतींवर, जिन्यांत, दुकानांच्या शटरवर सापडतात. प्रत्येक खुणेची लेव्हल यंत्राने घ्यायची. ‘कमरेपर्यंत पाणी होतं’ या सांगण्यात अर्ध्या मीटरचा फरक सहज पडतो. दोन पुरांच्या रेषा जुळल्या नाहीत तर वरची धरायची.

मग भराव. सखल जमिनीचा प्रत्येक मालक ‘भरून घेऊ’ म्हणतो. २ हेक्टर जमीन सरासरी दीड मीटर भरली की पुराच्या पाण्याची ३०,००० घनमीटर जागा गेली, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरच्या ३,००० फेऱ्या. ते पाणी समोरच्या काठावर नाहीतर कांसेतून उलटं मागच्या सोसायट्यांमध्ये जातं. भरपाई म्हणून दुसरीकडे खोदायचं ठरतं, आणि नेमकी तिथे चूक होते: खड्डा तळाशी काढतात. तो खड्डा पूर चढायच्या आतच भरलेला असतो, त्याचा उपयोग शून्य. ज्या लेव्हलला भराव टाकला, त्याच लेव्हलच्या पट्ट्यात तेवढीच खोदाई पाहिजे.

इथल्या विकास नियमावलीप्रमाणे बांध नसलेल्या नदीकाठापासून ३० मीटर बांधकाम करता येत नाही, बांध असेल तर १५ मीटर, आणि कांस, नाला, तलाव यांच्यापासून ९ मीटर. साहजिकच सूचना येते की आधी भिंत बांधा, १५ मीटर सुटतील. ९०० मीटर काठावर हा फरक १३,५०० चौरस मीटरचा आहे, त्यामुळे आग्रह जोरदार असतो. तो मान्य करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भिंत पात्र आवळते, आणि विश्वामित्रीत मगरी आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी उन्हाळ्यात काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालतो आणि उन्हं खायला उतारावर येतो. उभ्या काँक्रीटवर त्याला दोन्ही जमत नाही. काठाचा उतार मातीचा आणि सौम्य ठेवायचा, उन्हाळ्यात तिथे यंत्र घालायचं नाही, आणि पायवाट काठाच्या कडेला न नेता पट्ट्याच्या आतल्या बाजूने न्यायची.

या ३० मीटर पट्ट्याचं क्षेत्र होतं २.७ हेक्टर. कायद्यात उद्यानं आणि मैदानांसाठी सुचवलेला वाटा ५ टक्के, म्हणजे ४० हेक्टरात २ हेक्टर. मोह होतो की पट्टाच हिरवा रंगवायचा आणि वाटा पूर्ण झाला म्हणायचं. तसं केलं की वस्तीच्या आत एकही मैदान उरत नाही आणि जे आहे ते पावसाळ्यात पाण्याखाली. हेक्टरी ५०० माणसं धरली तर लोकसंख्या २०,०००. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा म्हटली आहे. आतली २ हेक्टर आणि पट्टा दोन्ही मिळूनही इथे २.३५ च पडते. म्हणून पट्टा वेगळा दाखवायचा, मैदानं वेगळी.

आता जमिनीची वाटणी. रस्त्यांना १५ टक्के, मोकळ्या जागांना ५, शाळा-दवाखान्यांसारख्या सामाजिक सोयींना ५, आणि विकून खर्च भागवण्यासाठी १५. शिवाय सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास वर्गांच्या घरांसाठी १० टक्के किंवा शक्य तितकं त्याच्या जवळपास, असं वेगळं कलम आहे. या ‘जवळपास’ शब्दावर सगळी ओढाताण होते. मालकांच्या सभेत प्रत्येक जण आपल्या फायनल प्लॉटसाठी बोलतो: रस्त्याला लागून द्या, चौकोनी द्या, मूळ जागेवरच द्या. स्वस्त घरांत जो राहणार आहे तो या सभेत नसतो, कारण तो कोण हे अजून ठरलेलंच नसतं. सगळ्यांचे हट्ट पुरवून जो तुकडा उरतो तो त्याचा. उरतो तो बहुतेक कांसेच्या काठचा, तिरपा, सखल आणि ९ मीटरच्या गल्लीवरचा.

त्या सखलपणाची किंमत मोजून पाहिली की अंगावर येते. ३० चौरस मीटर कार्पेटचं घर, जिना-पॅसेज धरून ४५ चौरस मीटर बांधकाम. १.८ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) धरला तर हेक्टरी ४०० घरं. तळमजला अधिक चार अशी पाच मजल्यांची इमारत, मजला २.९ मीटर, एकूण साडेचौदा. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर आणि त्यावरची इमारत उंच गणली जाते. त्याच्या आत राहिलं की अग्निसुरक्षेचा खर्च आटोक्यात राहतो. तीच इमारत पूररेषेखाली आली की खाली ३ मीटरचे स्टिल्ट (नुसते खांब) घालावे लागतात आणि उंची साडेसतरावर जाते. आता लिफ्ट, पंप, वेगळ्या टाक्या, आणि या सगळ्याची दरमहा देखभाल. बांधकामाला अनुदान मिळतं, लिफ्टच्या बिलाला मिळत नाही. लिफ्ट बंद पडते, वरचे मजले रिकामे होतात, घरं भाड्याने जातात, आणि मग लोक ‘त्यांना घरं दिली तरी राहत नाहीत’ म्हणतात. मला हे वाक्य सहन होत नाही, कारण याचं बीज पाच वर्षं आधी नकाशावर प्लॉट टाकताना पेरलेलं असतं.

म्हणून मी हे प्लॉट मालकांच्या सभेआधी टाकते, पूररेषेच्या वरच्या जमिनीवर, १८ मीटर रस्त्याला लागून. मग बाकीचे फायनल प्लॉट त्यांच्याभोवती बसवायचे. ४ हेक्टरचा एकच मोठा प्लॉटही करायचा नाही. १,६०० घरं, घरटी साडेचार माणसं धरली तर ७,२०० जण, म्हणजे एक-दशांश जमिनीवर एक-तृतीयांशाहून जास्त वस्ती. ती एका ठिकाणी कोंबली की तिथली शाळा, गटार आणि मैदान तीनही कमी पडतात. एकेक हेक्टरचे चार प्लॉट चार ठिकाणी विखुरायचे. फार बारीकही नको: २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत भागीदारीतल्या प्रकल्पाला किमान २५० घरांची अट होती, ०.६ हेक्टरच्या प्लॉटवर २४० च बसतात.

सभेत खरी चर्चा फॉर्म एफ वर होते, म्हणजे प्रत्येक मालकाचं देणं-घेणं दाखवणाऱ्या तक्त्यावर. उदाहरणादाखल: मूळ प्लॉट ५,००० चौरस मीटर, दर ६,००० रुपये. फायनल प्लॉट ३,०००. गेलेल्या २,००० चौरस मीटरची भरपाई १ कोटी २० लाख. विकसित दर ११,००० धरला तर उरलेल्या प्लॉटची किंमत १ कोटी ८० लाखांवरून ३ कोटी ३० लाख, वाढ दीड कोटी, त्यातली निम्मी म्हणजे ७५ लाख मालकाने द्यायची. वजाबाकी करता स्कीम राबवणारं प्राधिकरणच ४५ लाख देणं लागतं. विकसित दर १६,००० झाला की वाढ ३ कोटी, मालकाचा वाटा दीड कोटी, आणि त्याला ३० लाख भरावे लागतात. नदीकाठच्या प्लॉटचा विकसित दर कमी धरला तर स्कीम पहिल्याच दिवशी तोट्यात जाते आणि कात्री लागते ती १० टक्क्यांना. दर ठरवण्यावर म्हणूनच सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

कागदाचा क्रम असा: इरादा जाहीर, नऊ महिन्यांत मसुदा, प्रसिद्धीनंतर एक महिना हरकती, मग राज्य सरकारची मंजुरी, मग नगररचना अधिकारी प्राथमिक (प्लॉटांची) आणि अंतिम (पैशांच्या हिशोबाची) योजना करतो. यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मसुद्याला मंजुरी मिळताच रस्ते, गटारं आणि पाण्याच्या कामांची जमीन प्राधिकरणाकडे येते. घरांच्या प्लॉटला मात्र प्राथमिक योजना अमलात येईपर्यंत थांबावं लागतं. तोवर रस्ते होतात, शेजारच्या इमारती चढतात आणि रिकामा प्लॉट राडारोडा टाकायची जागा बनतो. यावर एकच उपाय जमतो: हे प्लॉट शक्यतो सरकारी सर्व्हे नंबरांवर किंवा संमती देणाऱ्या मालकाच्या जमिनीवर बसवायचे, आणि लेखी संमतीने ताबा आधी घ्यायचा.

मिश्र वापराचं फार अवघड नाही. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात खाली दुकान वर घर हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. १८ मीटर रस्त्याकडच्या तळमजल्यावर १० ते १२ चौरस मीटरची दुकानं ठेवायची आणि त्यांचं भाडं त्याच इमारतीच्या देखभालीला बांधून टाकायचं. लारी-गल्ल्यांची (हातगाड्या-टपऱ्यांची) जागा आधीच आखायची. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत सोय करायला सांगितलं आहे. २०,००० ला ५०० होतात. फूटपाथवर त्यांचे दोन मीटर धरले नाहीत तर ते रस्त्यावर येणारच.

सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे नदीजवळच येतं. माणशी १३५ लिटर पाणी धरलं तर रोज २७ लाख लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी. सांडपाणी जमा होणारी विहीर खाली असू दे, विजेचा पॅनल मात्र पूररेषेच्या वर हवा. तो बुडाला की वस्तीतलं पाणी ओसरल्यावरही गटारं उलटी वाहत राहतात. पावसाच्या पाइपांना नदीच्या तोंडाशी झडप बसवतात, पण नदी चढली की झडप बंद, आणि आतला पाऊस आतच साचतो. त्यासाठी आत साठवणीचं तळं आणि पंप दोन्ही लागतात. हे तळं कोरड्या दिवसांत मैदान म्हणून वापरता येतं.

मसुदा सभेपुढे जायच्या आधी मी स्वस्त घरांच्या चारही प्लॉटचा एक तक्ता करते: जमिनीची लेव्हल, पूररेषा, समोरच्या रस्त्याची रुंदी, शाळेपर्यंतचं चालत अंतर, जवळच्या मॅनहोलची खोली, मूळ जमीन कोणाची आणि संमती आली का. हरकतींनंतर नकाशा बदलतो, तेव्हा प्रत्येक बदलाबरोबर हा तक्ता पुन्हा भरायचा. लेव्हलच्या रकान्यातला आकडा पूररेषेखाली गेला तर तो बदल परत पाठवायचा.