चिवड्यातले शेंगदाणे

माझे मन ठिकाणावर आहे की नाही, हे आमच्या घरात माझ्या चेहऱ्यापेक्षा चिवड्याच्या डब्यावरून अधिक अचूक ओळखता येते. दिवस वाईट गेला असला की सगळे झोपल्यावर मी दिवा न लावता ओट्यापाशी उभी राहते आणि शेंगदाणे, डाळे व खोबऱ्याचे काप तेवढे वेचून खाते. सकाळी डब्यात उरतात ते नुसते पातळ पोहे आणि कढीपत्त्याची काळपट पाने.

भूक नसते, हे खातानाही ठाऊक असते. ताण दीर्घकाळ राहिला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक भूक वाढवते आणि ओढ नेमकी गोडाची, तळणाची लागते, हे मी वाचलेले आहे. बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्निग्धाम्लांचे द्रावण नळीवाटे थेट जठरात सोडले होते, म्हणजे चव, वास, आठवण यांपैकी काहीच मध्ये नव्हते. तरीही उदास संगीत ऐकणाऱ्या स्वयंसेवकांची खिन्नता त्याने सौम्य झाली. उलट मिनेसोटा विद्यापीठातील २०१४ च्या अभ्यासात, मन खिन्न करणारी चित्रफीत पाहिल्यावर आवडीचे खाणारे, दुसरेच काही खाणारे आणि काहीही न खाणारे, हे सगळे जवळपास सारखेच सावरले. मला हा दुसरा निष्कर्ष अधिक पटतो, आणि तो पटूनही हात डब्यातच जातो.

नवल असे की, ज्याला खरोखर मायेचे खाणे म्हणावे तो मऊ भात, मेतकूट आणि तूप मला अशा वेळी नकोसे वाटते. लहानपणी तापात आई ते ताट घेऊन उशाशी बसायची. आता त्यासाठी कुकर लावावा लागतो, शिट्टी होते, आणि शिट्टी झाली की कोणीतरी उठून "काय झालं गं?" असे विचारते. डब्याचे झाकण मात्र आवाज न करता उघडण्याची कला मला साधली आहे.

निदान तसे मला वाटत होते. गेल्या महिन्यात हातातले एक मोठे काम निसटले, तेव्हा मी ओळीने तीन रात्री डबा उपसला. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी एक शब्दही न बोलता मूठभर शेंगदाणे खरपूस तळले, उरलेल्या पोह्यांत मिसळले आणि डबा फडताळात परत ठेवला. फक्त नेहमीच्या वरच्या फळीऐवजी, अंधारातही माझा हात सहज पोचेल अशा खालच्या फळीवर.