देखभालीची कामं एजंटकडे देताना प्लगिन कसं रचावं

एआय एजंटला (स्वतःहून कामं करणाऱ्या प्रोग्रामला) थेट शेल, म्हणजे कुठलीही कमांड चालवायची मोकळीक, देऊन ‘जुन्या फाइली साफ कर’ असं सांगणं मला अजिबात मान्य नाही. प्रत्येक कामाला वेगळं प्लगिन (एजंटला वापरता येणारा छोटा जोडप्रोग्राम) हवं आणि त्याचे दोन भाग हवेत: योजना आणि अंमल. योजना फक्त वाचते आणि काय बदलणार याची यादी देते. अंमल त्या यादीबाहेर कशालाही हात लावत नाही.

समजा, ३० दिवसांपेक्षा जुने लॉग (प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइली) काढायचे आहेत. यादीत प्रत्येक फाइलचा पूर्ण पाथ, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ नोंदवा. पुसण्याआधी हे पुन्हा ताडून पाहा; मधल्या वेळात कुणी फाइलमध्ये लिहिलं असेल तर ती सोडून द्या. सिमलिंकच्या (दुसऱ्याच फाइल किंवा फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्याच्या) मागे तर मुळीच जाऊ नका, नाहीतर लॉगच्या फोल्डरमध्ये सुरू झालेली सफाई डेटाबेसपर्यंत पोचू शकते.

परवानग्या आणि टाइमआउट (कामाची कमाल वेळ) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्लगिनच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहा, पण ते पाळायला लावणं होस्टचं, म्हणजे प्लगिन चालवणाऱ्या प्रोग्रामचं, काम.

खरी गोची लॉकची, म्हणजे एक काम एका वेळी एकाच एजंटने करावं म्हणून घेतलेल्या मुदतीच्या ताब्याची. लॉकची मुदत १० मिनिटं आणि काम चाललं १२ मिनिटं, की दुसरा एजंट तेच काम सुरू करतो आणि पहिल्याला पत्ताही नसतो. मुदत वाढवत राहून भागत नाही: प्रोसेसच गोठली तर मुदत वाढवणारा कोडही गोठतो. म्हणून प्रत्येक लॉकला चढता क्रमांक द्या आणि जुन्या क्रमांकाने आलेलं लिखाण स्टोरेजनेच नाकारावं.

शिवाय लॉगमध्ये बाहेरच्या कुणीतरी पाठवलेली ‘सगळे बॅकअप पुसून टाक’ ही ओळ असू शकते आणि एजंट तिला आज्ञा समजू शकतो. लॉगमधला मजकूर वाचणाऱ्या प्लगिनला पुसण्याची परवानगी देऊच नका.