आमची वाटचाल: रेंज विचारायला शिकलो, तिथपासून

आम्ही दोघांनी एका टेबलावर काम सुरू केलं. डेटा अ‍ॅक्विझिशनची, म्हणजे सेन्सरचा विद्युत सिग्नल मोजून आकड्यांत देणारी, उपकरणं घ्यायची, सेन्सर जोडायचे, सॉफ्टवेअर लिहून द्यायचं. तेव्हा प्रत्येक युनिट आम्ही ±१० व्होल्टच्या रेंजवर, म्हणजे उणे १० ते अधिक १० व्होल्टपर्यंतचा सिग्नल मोजेल असं, ठेवूनच पाठवायचो. मोठी रेंज असली की कुठलाही सिग्नल मावतो, तक्रार येणार नाही, हा हिशेब.

तक्रार आलीच. एका ग्राहकाकडे ५०० किलोचा लोडसेल, म्हणजे वजनाचा सेन्सर, होता. वजन हळूहळू वाढवलं तरी पडद्यावरचा आकडा आधी जागचा हलायचा नाही, मग एकदम साडेसात किलोंनी उडी मारायचा. आम्ही केबल बदलली, अर्थिंग तपासलं, सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा वाचून काढलं. दोष कशातच नव्हता. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोडसेल, त्याला १० व्होल्ट पुरवठा, म्हणजे पूर्ण वजनालाही सिग्नल फक्त २० मिलिव्होल्ट. १६ बिटांचं उपकरण २० व्होल्टच्या पट्ट्याच्या ६५,५३६ पायऱ्या करतं, एक पायरी साधारण ३०५ मायक्रोव्होल्टची. आमच्या अख्ख्या ५०० किलोंच्या वाट्याला त्यातल्या जेमतेम ६५ पायऱ्या आल्या होत्या! रेंज ±५० मिलिव्होल्ट केली आणि त्याच उपकरणात, त्याच लोडसेलला तेरा हजार पायऱ्या मिळाल्या. कागदावर एक पायरी ३८ ग्रॅमची. नॉइजमुळे, म्हणजे सिग्नलमधल्या बारीक थरथरीमुळे, शेवटच्या काही पायऱ्या हलत राहतात, ते रेंज लहान करून जात नाही. पण उड्या थांबल्या.

तेव्हापासून डेटाशीट वाचताना बिटांच्या आधी मी अचूकतेची ओळ बघतो. तिचा एक भाग वाचनाच्या टक्क्यांत असतो, दुसरा रेंजच्या. ±१० व्होल्टवर रेंजच्या ०.०२ टक्के म्हणजे २ मिलिव्होल्ट. वाचायला किरकोळ वाटतं, पण त्या लोडसेलला ते ५० किलो होतात. सुरुवातीला शून्य करून घेता येतं, पण तापमानाबरोबर ते पुन्हा सरकतं. जास्त बिटांचं उपकरण घेतलं तरी ही ओळ आपोआप सुधारत नाही.

पुढे उलटी चूकही केली. कंपनाच्या एका कामात रेंज फार आवळली. धक्क्यांचे शेंडे सपाट कापले गेले आणि सरासरीत कुणाला पत्ताच लागला नाही. हे मला जास्त लागलं, कारण उड्या निदान डोळ्यांना दिसतात. आता सिग्नलचं अपेक्षित शिखर विचारून त्याच्या वर थोडी जागा ठेवतो आणि आकडा रेंजच्या टोकाला टेकला की सॉफ्टवेअर तिथे लाल खूण करतं.

सध्या डोकं लागलंय ते एकाच एडीसीवर (सिग्नलचा आकडा करणाऱ्या चिपवर) आळीपाळीने वाचल्या जाणाऱ्या चॅनेलांत, म्हणजे सेन्सर जोडायच्या वेगवेगळ्या वाटांत. १० व्होल्टच्या चॅनेलनंतर लगेच २० मिलिव्होल्टचा वाचला, तर आधीच्याचा अंश त्यात उतरतो. म्हणून लहान सिग्नल शेजारी-शेजारी लावतो, रेंज बदलली की पहिलं वाचन टाकून देतो, आणि प्रत्येक चॅनेलची रेंज अहवालात आकड्याशेजारीच छापतो.