गोड कांद्याच्या शोधात: नाशिक ते लासलगाव

एप्रिलमध्ये नाशिकहून निफाडचा रस्ता धरला की एका बाजूला द्राक्षबागांची खरड छाटणी, म्हणजे फळं उतरल्यावरची छाटणी दिसते, दुसऱ्या बाजूला काढलेल्या उन्हाळ, म्हणजे रब्बीच्या कांद्याच्या रांगा. विंचूरला डावीकडे वळलं की थोड्याच वेळात लासलगाव. रेल्वेने यायचं तर भुसावळकडच्या गाडीने निफाड, उगाव, मग लासलगाव; मात्र सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत.

आम्हाला हवा होता गोड कांदा. त्यातली मेख आधीच सांगतो. कच्चा खाताना गोड लागणारा कांदा म्हणजे जास्त साखरेचा कांदा नव्हे. त्यात गंधकाची द्रव्यं कमी आणि पाणी जास्त असतं, म्हणून तो जिभेला झोंबत नाही. अलिबागचा पांढरा कांदा हा त्या जातीचा. तो माळेने घ्यावा आणि कोशिंबिरीत संपवावा. लासलगावचा उन्हाळ कांदा कच्चा चांगलाच झणझणीत, पण मंद आचेवर त्याचा तिखटपणा उडतो आणि आतली साखर वर येते. भौगोलिक मानांकन मिळालेला लासलगावचा कांदा ‘गोड’ म्हणून विकणाऱ्याला एक फोड कच्ची चावायला लावावी.

बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. ट्रॉलीतला थोडा माल खाली ओतून पाहतात आणि क्विंटलमागे बोली सुरू होते. एका ट्रॉलीचा सौदा काही मिनिटांत आटोपतो. बोली परवानाधारक व्यापाऱ्यांचीच, तिथे पाच किलोच्या गिऱ्हाइकाचं काम नाही. घरापुरता कांदा रस्त्याकडेच्या शेतातून नाहीतर कांदाचाळीवरून, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडवरून घ्यायचा. “दादा, जोड आणि डेंगळे बाजूला काढून द्या,” एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं, हे बघून घेणारं गिऱ्हाईक आहे.

बघायचं काय? आधी मान. काढणीनंतर पातीने कांदे झाकून तीन-चार दिवस शेतातच सुकवतात आणि मग दोनेक बोटं मान ठेवून पात कापतात. मान अगदी बुडातून छाटली, किंवा ओली असताना छाटली, तर तोंड नीट मिटत नाही आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. अंगठ्याने मानेशी दाबावं. मऊ लागली तर नको. डेंगळ्याच्या मधोमध फुलाचा जाड दांडा असतो, तो शिजत नाही आणि टिकतही नाही. जोड, म्हणजे एकात दोन असलेला कांदा सोलताना अर्धा वाया जातो. पत्तीखाली काळी भुकटी दिसली तर ती काजळी, म्हणजे बुरशी. लाल कांदा, खरिपाचा पोळ असो की त्यामागून येणारा रांगडा, काही आठवड्यांतच वापरावा. उन्हाळ हवेशीर जागी चार-पाच महिने राहतो, मात्र बटाट्याच्या टोपलीत आणि प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

आता कढई. एक किलो उन्हाळ कांदा सोलून उभा, साधारण तीन मिलिमीटर जाडीचा चिरा. जाड बुडाच्या भांड्यात चार टेबलस्पून शेंगदाणा तेल, मोठ्या आचेवर पाच मिनिटं परता, अर्धा चमचा मीठ घालून झाकण ठेवा. मिठाने पाणी सुटतं, त्यामुळे कडा करपत नाहीत. दहा मिनिटांनी झाकण काढून आच मंद करा आणि पुढची ३५ ते ४० मिनिटं दर दोन-तीन मिनिटांनी ढवळत राहा. तळाला तांबूस थर धरला की चमचाभर पाणी टाकून खरवडा. चव तिथेच असते. थर काळा होऊ दिला तर सगळा कांदा कडू होतो, आणि त्यावर साखर घालून काही निस्तरत नाही. शेवटी साधारण पाव ते एक तृतीयांश वजन उरतं. घाईपोटी सोडा घालणारे असतात. त्याने रंग लवकर येतो, पण कांद्याचा लगदा होतो आणि साबणासारखी चव येते. कच्चा कांदा मिक्सरमध्ये वाटून मग परतायचा प्रकारही टाळावा, तोही कडवट होतो.

यातला निम्मा कांदा चार माणसांच्या काळ्या रश्शाला पुरतो. ५० ग्रॅम सुकं खोबरं तांबूस भाजून आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बोटभर आल्यासह वाटा, कांदा शेवटी घालून फिरवा. हे वाटण तेलावर कडेने तेल सुटेपर्यंत परता, आच कमी करून दोन टेबलस्पून काळा मसाला घाला. मसाला मोठ्या आचेवर पडला तर अर्ध्या मिनिटात जळतो. चार वाट्या पाणी गरमच ओता, गार पाण्याने तर्री बसते. दहा मिनिटं उकळू द्या. तिखट शेव ताटात वाढतानाच घालायची; पातेल्यात घातलेली शेव पाच मिनिटांत पिठलं होते.

सोबतच्या कच्च्या कांद्यासाठी उन्हाळच असेल तर आडव्या चकत्या करून दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, निथळा, मग लिंबू. मीठ मात्र पंगत बसल्यावर.