वॉचमनकाकांना नेमकं कशात धरलं होतं?

आमच्या सांगलीतल्या विश्रामबागमधल्या सोसायटीच्या ग्रुपवर एका सकाळी पेपरचं कात्रण आलं. मिरजेत घरफोडी करणारे तिघे जेरबंद. तिघांपैकी एकाचं नाव-आडनाव हुबेहूब आमच्या वॉचमनकाकांचं. कात्रणाचा फोटो अर्धवट कापलेला, त्यामुळे अशा बातमीत कंसात असतात ते वय आणि ‘रा.’पुढचं गाव गायब. काका चार दिवसांची रजा घेऊन जत तालुक्यातल्या गावी गेलेले, रजा संपून गेलेली आणि मोबाईल बंद. दुपारपर्यंत ग्रुपने काकांना कामावरून काढूनही टाकलं. एका काकूंना तर गेल्या दिवाळीत हरवलेली सायकल आठवली.

मी सोसायटीची खजिनदार. काकांचा पगार माझ्या सहीने निघतो आणि तो थांबवायचा ठराव करा म्हणून तिघांचे फोन आले. मी म्हटलं, आधी नोंद बघू. ‘ते पोलिसांचं असतंय, आपल्याला कोण दाखवणार?’ असं चेअरमन म्हणाले. बहुतेकांचा समज हाच आहे.

खरं तर कुणाला अटक केली हे पोलिसांनी लपवायचं नसतं, उघड लावायचं असतं. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटकेचे नियम घालून दिले, त्यात जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात अटकेची माहिती पाटीवर लावण्याची अट होती. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-सी कलमाने तेच आलं. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३७ आहे: प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात एक अधिकारी नेमायचा, तो सहायक फौजदाराच्या दर्जाखालचा नसावा, त्याने अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ही माहिती ठेवायची, आणि ती प्रत्येक ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची. डिजिटल पद्धतीने लावली तरी चालते. आमच्या जिन्यात राहणाऱ्या वकीलबाईंनी हे कलम कागदावर लिहून दिलं. तो कागद पर्समध्ये टाकून मी निघाले.

ज्या ठाण्यात गेले त्याचं नाव लिहीत नाही. दाराशी फलक होता, त्यावर अटक आरोपींचा कागदही होता, पण जुना, कडा वळलेला. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न टाकला, ‘तुमचं कोण लागतंय?’ मी म्हटलं, कोणी नाही, आमच्याकडे नोकरीला आहेत. ‘मग तुम्हाला कशाला पाहिजे?’ वाद घातला नाही. कलम ३७ची माहिती कुणाकडे असते तेवढं विचारलं. कलमाचा आकडा ऐकल्यावर त्यांनी आतल्या खोलीकडे हात केला. आत बसलेले सहायक फौजदार वयाने मोठे आणि शांत होते. ‘ताई, फलकावरचा कागद सोडा, इथं बघा’ म्हणून त्यांनी संगणक उघडला. सगळी ठाणी सीसीटीएनएस या यंत्रणेने जोडलेली आहेत, त्यामुळे मिरजेची अटक इथे बसूनही दिसते. घरफोडीतला तो माणूस पंचविशीतला, राहणार भलत्याच गावचा. आमचे काका पन्नाशी ओलांडलेले. नाव एक, माणूस वेगळा.

इथे मला एक गोष्ट पटली. आपल्या जिल्ह्यात पाटील, माने, कांबळे, शिंदे यांच्यातली नावं घ्या, एकेका तालुक्यात त्याच नावाची डझनभर माणसं निघतील. वडिलांचं नाव, वय आणि गाव जुळल्याशिवाय नावाला काही अर्थ नाही. अटकेच्या यादीत नाव दिसलं म्हणून ग्रुपवर टाकणाऱ्याला हे आधी सांगायला हवं.

पण काका मग होते कुठे? गावच्या किराणा दुकानदाराचा नंबर काकांनीच कधीतरी दिला होता. त्याच्या फोनवर काकू आल्या. ‘दिरासंगं बांधावरनं झालं ताई, पोलिसांनी नेलंय त्यास्नी.’ म्हणजे अटक होती, पण भलत्याच कारणाने! कुठल्या ठाण्यात, ते काकूंना धड सांगता येईना. जत म्हणाल्या, मग उमदी म्हणाल्या. खरं तर अटक केली की कुठे ठेवलंय हे नातेवाइकाला किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला पोलिसांनी कळवायचं असतं, ते संहितेचं कलम ४८. कळवलं होतंच, पण घाबरलेल्या बाईच्या लक्षात ठाण्याचं नाव किती राहणार? मी सांगलीच्या जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन केला. नाव, वडिलांचं नाव, गाव सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी ठाणं सांगितलं, आणि मी विचारलं म्हणून गुन्हा रजिस्टर नंबरही.

हा नंबर, पोलिसी भाषेत गु.र.नं., मिळाला की पुढची दारं आपोआप उघडतात. नाव घेऊन फिरलात तर प्रत्येक ठिकाणी ‘कुठला हा?’ विचारतात. नंबर, वर्ष आणि ठाणं सांगितलंत तर कुणी काही विचारत नाही. म्हणून अटकेची यादी बघायची ती खरं तर या नंबरसाठी. वही घेऊन जा, तीन गोष्टी लिहून घ्या, बाकीची चौकशी घरी बसून होते.

घरी येऊन महाराष्ट्र पोलिसांचं सिटिझन पोर्टल उघडलं. तिथे प्रकाशित प्रथम खबरी, म्हणजे एफआयआर, असा भाग आहे. लॉगिन लागत नाही. जिल्हा सांगली, मग ठाणं, मग तारखा. खबरींची यादी येते, क्रमांक, नोंदणीची तारीख, कलमं, आणि शेवटी पीडीएफ उतरवायची सोय. ही सोय पोलिसांनी हौसेने केलेली नाही. युथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिला की प्रथम खबर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकायची, अडचण असेल तर ४८ तासांत, दुर्गम भागात ७२ तासांत. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील खबरी मात्र टाकत नाहीत. तेव्हा यादीत मधला एखादा नंबर दिसला नाही तर लगेच लपवाछपवी समजू नये.

काकांच्या गुन्ह्याची कलमं वाचून वकीलबाई हसल्या. भारतीय न्याय संहितेची ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५). ‘बांधाचं भांडण म्हणजे हाच सेट. आधी जुन्या दंड संहितेत ३२४, ३२३, ५०४, ५०६, ३४ असायचा, आता आकडे बदलले.’ धोकादायक हत्याराने दुखापत, साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी, आणि सगळ्यांचा मिळून इरादा. हत्यार म्हणजे खबरीत खुरपं लिहिलेलं. फिर्यादी धाकटा भाऊ. बांध कोरल्याची जुनी कुरबूर, ट्रॅक्टरचा फाळ हातभर आत गेला, आणि सगळी भावकी शेतात गोळा झाली, असं सगळं फिर्यादीच्या तोंडचं.

मी त्याच ठाण्याची त्याच दिवसाची पुढची खबरही उघडून पाहिली. वकीलबाईंनी तसं सुचवलं होतं. बरोबर त्याच भांडणाची दुसरी फिर्याद होती, त्यात फिर्यादी आमच्या काकांचा मुलगा आणि आरोपी धाकटा भाऊ. भावकीच्या भांडणात दोन्ही बाजू ठाण्यात जातात. एकच खबर वाचून ‘हा हल्लेखोर’ म्हणणं म्हणजे टाळी एका हाताने वाजवणं.

प्रथम खबरीत आरोपी म्हणून नाव असलं तरी त्याला अटक झालीच असं नसतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात बजावलं. अशा वेळी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची नोटीस देऊन चौकशीला बोलवतात. नोटीस मिळालेला माणूस खबरीत असतो, अटकेच्या यादीत नसतो. याच्या उलटही होतं. गणपतीत किंवा निवडणुकीच्या तोंडावर कलम १७०खाली, म्हणजे जुन्या १५१ खाली, खबरदारी म्हणून माणसं उचलतात. त्यांना अटक झालेली असते पण मागे प्रथम खबरच नसते, मग पोर्टलवर कितीही शोधा. आणि गावातली निम्मी भांडणं ‘अदखलपात्र’ म्हणून नोंदवली जातात, ती या प्रकाशित खबरींत येतच नाहीत.

आता काका कोठडीत होते की सुटले होते? चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला हवंच, प्रवासाचा वेळ सोडून. तेव्हा कोर्टात काहीतरी झालं असणार. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, मग जतचं न्यायालय निवडलं. तिथे प्रथम खबर क्रमांकाने शोधायची सोय आहे: ठाणं, नंबर, वर्ष. पहिल्यांदा काहीच आलं नाही, कारण आरोपपत्र दाखल होईपर्यंत खटल्याला नंबरच पडत नाही. पक्षकाराच्या नावाने शोधलं. इथे एक कटकट आहे, नाव इंग्रजीत टाकावं लागतं आणि स्पेलिंग कारकुनाने जसं लिहिलं तसं. पूर्ण नाव टाकू नका, पहिली तीन-चार अक्षरं आणि वर्ष टाका, मग यादीतून ओळखा. त्यात जामिनाच्या अर्जाची नोंद सापडली आणि उघडल्यावर ‘मंजूर’ दिसलं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो, तो मी लिहून घेतला. तो टाकला की पुढची तारीख थेट दिसते.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस लगेच बाहेर आला असं नाही, हे मला नव्याने कळलं. जामीनदार लागतो, त्याचा सातबारा लागतो, आधार लागतं. सातबारा ज्याच्या नावावर, तोच भाऊ फिर्यादी! शेवटी काकूंच्या माहेरचं कुणी उभं राहिलं. तोवर कोठडीच. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना हे सांगितलं, तर ते वसंतदादांनी २४ जुलै १९४३ला सांगलीच्या तुरुंगाच्या तटावरून उडी कशी मारली ते सांगू लागले. काकांचा प्रश्न बाजूला राहिला.

कमिटीच्या बैठकीत मी सगळे कागद ठेवले. एक सदस्य म्हणाले, ती पीडीएफ ग्रुपवर टाका, सगळ्यांना कळू दे. मी नाही म्हटलं. खबरीत फिर्यादीचा पत्ता असतो, साक्षीदारांची नावं असू शकतात. बघायला मोकळी असलेली गोष्ट वाटत सुटायला मोकळी नसते. अल्पवयीन मुलाचं प्रकरण असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने ओळख उघड करणंच गुन्हा आहे, आणि बलात्कारातल्या पीडितेची ओळख छापणं न्याय संहितेच्या कलम ७२ने. दुसरे सदस्य म्हणाले, अटक तर झालीच ना? झाली. पण पोलिसांनी धरलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही. तपास संपल्यावर आरोपपत्र जाईल, नाहीतर समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल. तक्रार खोटी निघाली तर ‘ब’ समरी, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून असली तर ‘क’. अटकेच्या जुन्या यादीत मात्र हे कुणी दुरुस्त करत नाही. दहा वर्षांपूर्वी निर्दोष सुटलेल्याचं नावही कुठल्यातरी पेपरच्या कात्रणात अजून आरोपी म्हणून फिरत असतं.

माहिती अधिकारात का नाही मागत, असंही एकाने विचारलं. जुन्या काळातली आकडेवारी किंवा निकाली निघालेल्या प्रकरणाचे कागद हवे असतील तर तो मार्ग बरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत, उत्तर तीस दिवसांत. पण तपास चालू असेल तर कलम ८(१)(ज)चं उत्तर येतं, तपासाला अडथळा होईल म्हणून. मात्र एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर उत्तर ४८ तासांत द्यावं लागतं. कोठडीतल्या माणसाच्या घरच्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा फुकट नंबर.

पगार थांबवायचा ठराव झाला नाही. जास्तीची रजा बिनपगारी धरली, तीही काकांनी स्वतःच मान्य केली. आल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘तारखांना जायला लागंल बघा ताई.’ सीएनआर टाकून मी त्यांना पहिली तारीख वाचून दाखवली आणि रजेच्या वहीत लिहून घेतली.

चेअरमननी मग नवाच विषय काढला. सी विंगमध्ये नवे भाडेकरू येणार होते. ‘आता तुम्हाला येतंयच, तर त्यांचंही बघा की नाव टाकून.’ मी म्हटलं, नाव टाकून काही कळत नाही, परत तोच नावाचा घोळ. त्यासाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी असते, पण तो अर्ज ज्याचा त्यानेच ऑनलाइन करायचा, त्याच्या वतीने आपण नाही. आपलं काम भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचं, तेही त्याच सिटिझन पोर्टलवर होतं. चेअरमननी दोन्ही गोष्टी सोसायटीच्या भाडेकरार फॉर्ममध्ये घालायला सांगितल्या आणि पाण्याच्या टाकीचा विषय घेतला.