पेनड्राइव्हवर सेव्ह उघडतो, लॅपटॉपवर उघडत नाही: माझा अनुभव

तीन संध्याकाळी एका सेव्ह फाइलच्या (खेळ कुठवर आला त्याची नोंद) नावापायी गेल्या. अजूनही आठवलं की चीड येते, म्हणून लिहून ठेवतेय. दुसऱ्या कुणाचा तरी वेळ वाचेल.

आमच्याकडे एक गेम बॉय कलर होता, हातात धरून खेळायचा. काकांनी मस्कतहून आणलेला. त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे ताई पंचवटीतल्या जुन्या घराच्या ओसरीवर उजेडाकडे पाठ करून बसायची आणि दोन पेन्सिल सेल संपेपर्यंत उठायची नाही. तो कधीच बंद पडला, पण कॅसेट जपून ठेवली होती. ताई दिवाळीला नाशिकला यायची होती. तिचा तेव्हाचा खेळ तिला परत दाखवायचा, एवढंच माझ्या मनात होतं.

या कॅसेटमध्ये सेव्ह टिकतो तो आतल्या नाण्याएवढ्या सेलवर. सेल मेला की सेव्ह गेला. एमजी रोडवरच्या एका दुकानात कॅसेट दाखवली, तर उघडूनही न बघता उत्तर मिळालं, "मॅडम, इतक्या वर्षांत सेल उडालाच असणार, विसरा आता." विसरले नाही, बरं झालं. मैत्रिणीकडे कॅसेट वाचायचं यंत्र होतं. तिने तिच्या विंडोजवर गेम आणि सेव्ह दोन्ही उतरवून पेनड्राइव्हवर दिले. सेव्ह 32768 बाइटचा. सेल जिवंत होता!

माझा लॅपटॉप जुना, त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्स. गेम बॉयचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा एमजीबीए नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याची एसडीएल आवृत्ती टाकली, तिला मेनू नाही, सगळं टर्मिनलमधून, कमांड टाइप करून. एमजीबीए, मग डॅश 3, मग फाइलचं नाव. 160 बाय 144 चा पडदा तिप्पट होऊन 480 बाय 432 दिसतो, डोळ्यांना पुरतो. डॅश एफ दिलं की पूर्ण स्क्रीन. थेट पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं आणि समोर ‘कंटिन्यू’. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग दोन्ही फाइली लॅपटॉपवर कॉपी केल्या, पेनड्राइव्ह काढला, तीच कमांड दिली. फक्त ‘न्यू गेम’.

पेनड्राइव्ह परत लावला, तिथून चालवला, सेव्ह हजर. लॅपटॉपवरून, गायब. मला वाटलं कॉपी होताना फाइल बिघडतेय. पाच वेळा कॉपी केली. फाइली ताडणाऱ्या सीएमपी कमांडने दोन्हीकडचे सेव्ह ताडून पाहिले. सीएमपी काहीच बोलली नाही, म्हणजे एका बाइटचाही फरक नाही. तरी ‘न्यू गेम’च. कुणी म्हणालं बायोसची (गेम बॉयच्या आतल्या मूळ प्रोग्रॅमची) फाइल नसेल, तर एक अख्खी रात्र त्यात गेली. (एमजीबीएला बायोस लागत नाही. कुणी सांगितलं तरी शोधत बसू नका.) कुणी म्हणालं परवानग्या बघ. त्या ठीक होत्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सातपूरला बसूनही डोक्यात तेच.

तिसऱ्या संध्याकाळी लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये फाइलींची यादी दाखवणारं एलएस डॅश एल दिलं आणि ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. सेव्ह एक नव्हता, दोन होते. नाव तेच, आकार तोच 32768. पण एकाचं नाव पूर्ण कॅपिटलमध्ये आणि दुसऱ्याचं स्मॉलमध्ये. तारखाही वेगळ्या: स्मॉलवाला मी खेळ पहिल्यांदा लॅपटॉपवरून चालवला त्या संध्याकाळचा.

मग सगळं जुळलं. एमजीबीए गेमच्या फाइलच्याच नावाचा, शेवटी स्मॉल अक्षरांत डॉट एसएव्ही, असा सेव्ह शोधतो. मैत्रिणीकडून सेव्हचं नाव कॅपिटलमध्ये पडलं होतं, गेमचं स्मॉलमध्ये. विंडोजला फरक पडत नाही. पेनड्राइव्ह फॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेला, तिथे लिनक्ससुद्धा कॅपिटल-स्मॉल एकच मानतं. पण लॅपटॉपच्या डिस्कवर ती दोन वेगळी नावं. एमजीबीएला हवं ते नाव सापडलं नाही, त्याने नवी कोरी फाइल तयार केली, आणि ना एक इशारा, ना चूक दाखवली. मला खरा राग याचाच आहे. एक ओळ टर्मिनलवर छापली असती, ‘सेव्ह सापडला नाही, नवा केला’, तर माझी पहिली संध्याकाळसुद्धा गेली नसती.

उपाय दोन मिनिटांचा. कोरी फाइल बाजूला हलवा, मग नाव बदलणारी एमव्ही कमांड डॅश आयसकट वापरून जुन्या सेव्हला बरोबर नाव द्या. डॅश आय विसरू नका, नाहीतर एमव्ही न विचारता वर लिहून टाकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी करणारच होते: गोंधळलेलं फोल्डर जसंच्या तसं पेनड्राइव्हवर परत कॉपी करू नका. तिथे दोन्ही नावं एकच असल्यामुळे कोरी फाइल खऱ्या सेव्हवर बसू शकते. खेळ चालवायच्याही आधी सेव्हची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला हवी होती, मी ठेवली नव्हती. आता तीन ठिकाणी आहे. रेट्रोआर्च या असल्याच दुसऱ्या प्रोग्रॅममधून आलेला सेव्ह असेल तर त्याचं एक्सटेन्शन एसआरएम असतं, तिथेही नाव बदलावं लागतं.

बटणं सांगायची राहिली. कीबोर्डवरचा एक्स म्हणजे गेम बॉयचं ए, झेड म्हणजे बी, एंटर म्हणजे स्टार्ट.

धनत्रयोदशीला ताई आली. चहा व्हायच्या आत मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. ‘कंटिन्यू’ खाली तिचं नाव, जागा कमी पडली म्हणून शेवटचं अक्षर गाळलेलं. ती बराच वेळ नुसतं बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, सिलेक्ट कुठंय?"

"बॅकस्पेस, ताई."